मुंबई ते नेवार्क, पन्नास वाऱ्या

रानजाई:
काल कपाट आवरताना आईची चिठ्ठी सापडली. 2011 साली माझ्या बाळंतपणाला ती एकटी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला आली, तेव्हा दादानं लिहून दिलेली. "वॉटर, नो आइस प्लीज." "माय डॉटर इज वेटिंग आउटसाइड." घडीवर कागद फाटलाय, कडेला हळदीचं बोट उमटलंय. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर, न थांबता जवळजवळ सोळा तास. बाबांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला होता: आळंदी-पंढरपूर अडीचशे धरलं तर पन्नास वाऱ्या. आई म्हणाली, "मग माऊली नेतील." उतरली तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते, पण डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवरच होता. तुमच्याही आठवणी लिहा ना.

डोंबिवलीकर:
जाताना सोळा, येताना साडेचौदा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचं वारं वाहतं, येताना ते पाठीशी असतं. सासूबाई म्हणायच्या, घरच्या ओढीनं लवकर येतं.

मनवा:
डिसेंबरात मध्यरात्री निघालं की पहाटे उतरतो, मध्ये उजाडतच नाही. सोळा तासांची एकच रात्र! लेक तेरा महिन्यांचा, दात येत होते, रडून लालबुंद. शेजारच्या काकूंनी दोन तास मांडीवर थोपटलं त्याला. मी नावही विचारलं नाही त्यांचं. अजून रुखरुख आहे.

साताऱ्याचे अण्णा:
पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. नकाशावरची सरळ रेघ लांबची पडते. दोरा रशियावरून चढत ग्रीनलंडकडे जातो आणि मग खाली उतरतो. नातीला दाखवलं तर तासभर गोल सोडेना. पण हद्द बंद झाली की विमानाला वळसा. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा लेक दिल्लीहून निघालेली. इंधनाला व्हिएन्नात थांबले. इकडे आम्ही जागेच.

स्मिता:
बाबा गेल्याचा फोन रात्री नऊला आला, तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. पोचले तर ओटीवर त्यांना ठेवलं होतं तिथे दिवा तेवत होता. कुणी अंतर विचारलं की मला तो दिवाच दिसतो.

रानजाई:
स्मिताताई, काय बोलू. जवळ असते तर येऊन बसले असते गं.

मनवा:
ताई

कुंदाकाकू:
लाडू सोडतात का गं तिकडे? पुढच्या महिन्यात जाऊबाई निघाल्यात, पहिलीच वेळ, घाबरल्यात.

डोंबिवलीकर:
काकू, विचारलं तर खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगायचं, लपवायचं नाही. आमचे दरवेळी सोडलेत.

कुंदाकाकू:
बरं. रानजाई, ती चिठ्ठी पूर्ण टाक ना.

रानजाई:
टाकते काकू, पोळ्या चालल्यात. मोठ्या अक्षरात उतरवून द्या, विमानात दिवे बारीक करतात. आणि लेकीचा नंबर वेगळ्या कागदावर, कमरेच्या बटव्यात.