अध्यक्षपदापेक्षा वही कामाची

‘इंटर्नशिप म्हणजे बायोडेटातली एक ओळ आणि क्लबचं अध्यक्षपद म्हणजे फोटो’ असं एक मत नेहमी ऐकू येतं, ते मला अर्धंच पटलं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मी प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंटर्नशिपला होतो. पहिले पंधरा दिवस नुसती व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मापं घेतली. वैताग आला होता, खोटं कशाला बोलू!

पण कॉलेजात परतल्यावर मोजून बघायची तीच सवय कामी आली. आमचा तिथला गट हाताची पकड कमजोर झालेल्यांसाठी थ्रीडी प्रिंटरवर चमच्याच्या मुठी बनवत होता. त्या होत्या पीएलए या प्लास्टिकच्या. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. कढत पाण्यात धुतली की मूठ वाकडी! मग पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घेतलं, ते ८० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं.

गटप्रमुख म्हणून मी फार काही केलं नाही. फसलेल्या प्रत्येक मुठीची नोंद वहीत करायला लावली आणि त्या वापरणाऱ्या आजींना दर चाचणीला बोलावलं. मूठ जाड हवी, हे त्यांनीच सांगितलं. आम्ही आपले ‘सुबक’ बारीक मुठी काढत बसलो होतो. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सनी वही वाचूनच काम चालवलं. मला एकदाही फोन आला नाही.