गावचा वाडा: डागडुजी की सागवान विकून मोकळं व्हायचं?

दादरकर
वाईकडच्या आमच्या चौसोपी वाड्यात कुणी राहत नाही. उताऱ्यावर चुलत-चुलत धरून अर्धं दादर-डोंबिवली आहे. भावकीचं म्हणणं, सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यावं आणि जागा मोकळी करावी. माझा विरोध आहे. असं दगडी जोतं, भिंतीतली धान्याची बळदं पुन्हा कोण बांधणार? जवळच मेणवलीचा वाडा लोक मुद्दाम बघायला जातातच ना?

गिरणगावचा
मेणवली कुठे, तुमचा वाडा कुठे! तो नाना फडणविसांचा. तिथल्या घाटावर वसईच्या १७३९ च्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा टांगलीय. तुमच्याकडे काय आहे, वटवाघळं?
आणि ती बळदं भरायची कशाने, तेही लिहा. कुळांनी जमीन कसण्याबद्दल दिलेल्या खंडाच्या धान्याने. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला आणि वाड्यांची डागडुजी तिथेच आटली. माझे आजोबा असल्याच एका वाड्यावर पोती पोचवायचे, पण ओसरीवर पाय ठेवायची सोय नव्हती. त्याला विटूनच गिरणीत आले. मला नाही येत बुवा गहिवर.

दादरकर
म्हणूनच ठेवू या. रो-हाउस झाल्यावर ती ओसरी नातवाला कुठे दाखवणार?

चुनेवाला
(माझं कामच जुन्या घरांच्या दुरुस्तीचं.) आधी तुळयांची टोकं बघा. भिंतीत गेलेला भाग कौलांच्या गळतीने कुजतो आणि बाहेरून लाकूड ठणठणीत दिसतं. टोच्या घालून बघा, सहज आत गेला तर तुळई गेली. आणि कृपा करून सिमेंटचा गिलावा नको. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती कोंडते, मग विटा भुसभुशीत होतात. ‘पक्कं’ करायला जाऊन लोकांनी चांगले वाडे घालवलेत.
सरकारची वाट बघू नका. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, यादीतल्या इमारतीला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गावच्या खासगी वाड्याला बहुतेक वेळा तेवढंही कवच नसतं.

भावकीतलाच एक
दादरकर, ओळखलं बरं का! जत्रेची वर्गणी मागितली की तुमचा फोन लागत नाही. पावसाळ्याआधी निदान कौलं चाळून घ्यायचे पैसे टाका, व्यापाऱ्याला मी दिवाळीपर्यंत थोपवतो. नाही टाकलेत, तर सही करायला या.

गिरणगावचा
हे बरोबर बोललात. पण राखलात तर कुळं कोण होती, तेही दिंडीदरवाज्यावर लिहा.