मास इफेक्ट ३ चा शेवट मराठीत नव्याने लिहितोय, कशात करू? (बजेट १५००)

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा. मास इफेक्टचे तिन्ही भाग ओळीने संपवले आणि शेवटची दहा मिनिटं बघून डोकंच फिरलं. तीन गेमभर कोणाला वाचवायचं, कोणावर भरवसा ठेवायचा हे सगळं आपल्याकडून ठरवून घेतात आणि शेवटी एक पोरगं येऊन म्हणतं लाल, निळा, हिरवा, घे यातला कुठला तो. टुचांका ग्रहावर आपला सोबती मॉर्डिन जीव देतो तेव्हा मी चक्क रडलेलो, आणि त्याच गेमचा शेवट असा?
तर मी आणि एक मित्र तो शेवट परत लिहितोय. मराठीत, आणि त्यातल्या गॅरस या पात्राचे संवाद मालवणीत. वाचणाऱ्याला पर्याय निवडता आले पाहिजेत, नुसती कथा नको. लॉपटॉप जुना, ४ जीबी रॅम. पावसात लाइटचा आणि नेटचा भरवसा नाही. बजेट १५००, ते पण ताणून. ट्वाइन, रेनपाय (दोन्ही पर्यायांच्या कथा बनवायची सॉफ्टवेअरं) की सरळ मॉड, म्हणजे मूळ गेममध्येच बदल? अनुभव असेल त्यांनीच सांगा.

कुडाळ_जंक्शन
४ जीबीवर काही होत नाही भावा. मी गणपतीत नवीन घेतला, १६ जीबी, ग्राफिक कार्डवाला, ७२ हजाराला पडला पण लोण्यासारखा चालतो. हप्त्यावर मिळतो. १५०० मध्ये लॉपटॉपची बॅग येते फक्त.

सड्यावरचा
वरच्याने प्रश्न वाचलेला दिसत नाही. त्याला गेम खेळायचा नाहीये, लिहायचाय.
ट्वाइन घे. फुकट आहे, ४ जीबी काय २ वर पण चालेल. प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन, आणि दोन चौकटी कंसात पुढच्या प्रसंगाचं नाव टाकलं की बाण आपोआप जोडला जातो. कोड यायची गरज नाही. देवनागरी ब्राउझरच दाखवतो म्हणून जोडाक्षरांची कटकट नाही. शेवटी एकच एचटीएमएल फाइल मिळते ती व्हॉट्सॅपवर पाठव, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते. नेट गेलं तरी चालते.

सोलकढी_डबल
ट्वाइनच, पण वेबसाइटवरचं वापरू नकोस!! त्यात कथा ब्राउझरमध्येच साठते. माझी अख्खी कथा तयार होती, चुलत भाऊ मुंबईहून आला, कॉम्प्युटर स्लो चालतो म्हणून त्याने हिस्टरी कुकीज सगळं साफ केलं आणि मला म्हणतो बघ कसा फास्ट केला. जेवलो नाही मी त्या रात्री. इन्स्टॉल करायचं ट्वाइन मिळतं ते घे, आणि रोज एक प्रत पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह पण डब्यात ठेव, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने यूएसबीची तोंडं गंजतात.

कुडाळ_जंक्शन
गंजणं क्वालिटीवर असतं. माझ्या नवीनला काही झालं नाही अजून.

बंदरावरचा_बाबू
मला एक कळत नाही, शेवट एवढा वाईट होता का? मी लाल घेतला, रीपर (गेममधली शत्रू यंत्रं) मेले, विषय संपला. मार्च २०१२ ला गेम आला आणि जूनमध्ये कंपनीने फुकट एक्स्टेंडेड कट दिला, त्यात कोणाचं पुढे काय झालं ते दाखवलं, वर तिन्ही पर्याय नाकारायची पण सोय केली. अजून काय पाहिजे? १३ वर्षं उलटून गेली, सोडा आता.

सड्यावरचा
नाकारलं की सगळेच मरतात, याला सोय म्हणतोस? आणि तो कट लोकांनी बोंब मारली म्हणून आला, उगाच नाही. त्या वेळी चाहत्यांनी निषेध म्हणून लहान मुलांच्या हॉस्पिटलांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी सुमारे ८० हजार डॉलर गोळा केले. आणि गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसात सुमारे ४०० कपकेक पाठवले, लाल निळे हिरवे, पण चव तिन्हींची एकच. याला म्हणतात टोमणा.

बंदरावरचा_बाबू
फुकटचे कपकेक खाऊन त्यांना काय फरक पडला?

सड्यावरचा
खाल्ले नाहीत, दान केले.

पायथन_पेडणेकर
ट्वाइन म्हणजे नुसता मजकूर. चित्रं, चेहरे, संगीत पाहिजे असेल तर रेनपाय. तेही फुकट. फक्त जुनी आवृत्ती उतरवू नका. माझ्याकडच्या जुन्यात ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसायची आणि ल्ला फुटायचा, बघवत नव्हतं. नवीनमध्ये ते नीट झालंय. मुक्त किंवा नोटो सारखा देवनागरी फॉन्ट मात्र स्वतः फोल्डरमध्ये टाकावा लागतो, मुळातल्याने नुसते चौकोन दिसतात. शिकायला महिनाभर धरा.

तेरेखोल_रीपर
खरा चाहता असशील तर मॉडच कर. लोकांनी मास इफेक्ट ३ साठी सुखांत मॉड केलाच की, ते पोरगंच उडवलं त्यातून. आणि स्टार वॉर्सवरचा कोटोर २ बघ, २००४ ला अर्धवट बाहेर काढलेला गेम, कापलेले प्रसंग चाहत्यांनी फाइलींतून शोधून परत जोडले, आज कोणीही सांगतो की त्या मॉडशिवाय खेळू नको. ही खरी मेहनत. बाकी कथा काय कोणीपण लिहितो.

पायथन_पेडणेकर
४ जीबी रॅम आहे त्याच्याकडे. लीजंडरी एडिशनला, म्हणजे तिन्ही भागांच्या नव्या आवृत्तीला, कमीत कमी ८ जीबी रॅम आणि १२० जीबी जागा लागते. वर गेम मराठीत नाहीच, म्हणजे अक्षरं दाखवण्यापासून सुरुवात. पहिला संवाद दिसेपर्यंत पोराचं लग्न होईल.

तेरेखोल_रीपर
जुना २०१२ चा गेम चालतो कमी रॅमवर. माहिती नसेल तर बोलू नये.

आख्यान_रात्रीचं
मी गेम खेळत नाही, मुलाने हा धागा दाखवला. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसतेच, आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या. तरी एक गोष्ट पक्की, राजा शेवटी काय करणार याची पेरणी आधी व्हावी लागते, नाहीतर प्रेक्षक पहाटे चारला पण उठून ओरडतो. तुम्ही नवीन शेवट लिहिताना आधीचे कुठले निर्णय मोजणार ते आधी कागदावर मांडा. पंचवीस धरलेत तर फाटे आवरणार नाहीत. चार-पाच धरा, बाकीच्यांचा पुढे नुसता उल्लेख येऊ दे. आणि मालवणी बोलणारं पात्र विनोदीच करू नका, ती वाईट खोड आहे.

सोलकढी_डबल
काकांशी सहमत. आणि बॅकअप.

मसुऱ्याची_माई
विकायचं नाही हे लक्षात ठेव. पात्रं कंपनीची आहेत, पैसे घेतलेस की नोटीस येऊ शकते. फुकट वाट, वर स्पष्ट लिही की हे चाहत्याचं काम आहे. आणि गॅरस ‘मी आसय मा हंय, तू फुडे हो’ असं बोलणार असेल तर मला पहिली फाइल पाठव.

कुडाळ_जंक्शन
इन्व्हर्टर घेतलास का? माझ्याकडे १५० एएच बॅटरी आहे, चार तास जातात आरामात.

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार, राग मानू नका पण पॉवरपॉइंटमध्ये करतोय. एमएससीआयटीला स्लाइडवर बटण टाकून दुसऱ्या स्लाइडवर उडी मारायला शिकवलेलं तेवढं नीट येतं, मित्राला पण येतं, आणि चित्रं तो पेंटमध्ये काढतो. ट्वाइन उतरवून बघितलं, बाण बघूनच गरगरलं. काकांचं ऐकून निर्णय पाचच धरलेत, क्रोगन जमातीचा इलाज केला का, गेथ की क्वेरियन यांतलं कोणाला वाचवलं, रॅक्नाय किड्यांची राणी सोडली का, कौन्सिल वाचवलं का, आणि क्रोगन सोबती रेक्स जिवंत आहे का. १५०० चा पेनड्राइव्ह आणि वायरचा माउस घेतला.

पायथन_पेडणेकर
पॉवरपॉइंट?? पाच निर्णयांचे फाटे म्हणजे ३२ वाटा होतात, स्लाइडी मोजून ठेव.

सड्यावरचा
अरे मोबाइलवर ती बटणं दाबली जातील का ते तरी बघ आधी. अर्ध्या लोकांना नुसती चित्रं दिसतील.

तेरेखोल_रीपर
धागा बंद करा कोणीतरी.

मसुऱ्याची_माई
ते जाऊ दे सगळं. ती क्वेरियन पोरगी टाली जगते ना?