पॉलीने हाल: कार्यकर्तीने संगीतकार गिळली का?

मंद्रसप्तक
नॉर्वेचं संगीत म्हटलं की आपली गाडी एकोणिसाव्या शतकातल्या ग्रीग या संगीतकारापाशी थांबते. फार तर एखादा दर्दी विसाव्या शतकातल्या आर्ने नॉर्डहाइम या आधुनिक संगीतकारापर्यंत जातो. या दोघांच्या मधे पॉलीने हाल (१८९०–१९६९) नावाची बाई होऊन गेली. जन्म हामारचा. शिक्षण क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, आणि पहिल्या महायुद्धाआधी पॅरिस-ड्रेस्डेनमध्ये. १९२६ ते ३२ ती बर्लिनमध्ये 'दाग्ब्लाडेट' या दैनिकाची वार्ताहर होती, आणि १९३४ पासून त्याच पत्राची संगीत-समीक्षक. १९३८ मध्ये तिने 'न्यी मुसिक', म्हणजे 'नवं संगीत', ही संस्था काढली आणि वीसेक वर्षं एकहाती ओढली.

माझं म्हणणं सरळ आहे. १९२९ चा 'व्हर्लेन सूट' (फ्रेंच कवी व्हर्लेनच्या नावाची, छोट्या तुकड्यांची वाद्यरचना) ऐका. ऑर्केस्ट्रा हाताळण्याची जाण असलेली, डेब्युसी-राव्हेल हे फ्रेंच संगीतकार पचवलेली संगीतकार आहे ही. पुढे बरंचसं नाटकांसाठीचं संगीत आणि छोट्या रचना. बैठका आणि वर्तमानपत्राची डेडलाइन यांनी तिची कारकीर्द खाल्ली. दुसरं जास्त खटकतं. संस्था चालवायची आणि शहराच्या मोठ्या पत्रात समीक्षाही लिहायची? अंपायरनेच बॅट धरायचा प्रकार झाला.

चटई_ते_चहा
साफ असहमत. कार्यक्रम ऐकणाऱ्याला 'बैठका' हा शब्द सोपा वाटतो. आमच्या गावात मी अकरा वर्षं महिन्याची बैठक भरवतो. पाच वाजता हॉलची किल्ली आणायची, सहाला सतरंज्या, साडेसहाला माईकवाला फोन उचलत नाही, सातला कलाकार म्हणतो तबल्याची शाई गेलीय. हे सगळं कुणीतरी करतं म्हणून साडेसातला तुम्ही डोळे मिटून दाद देता. माझा रियाझ बुडाला, कबूल. पण बैठक नसती तर मी रोज चार तास घासून गाणार कुणासमोर होतो?

हालबाईंचं तेच. नवं संगीत वाजवणारे नाहीत, ऐकणारे नाहीत, तर लिहायचं कुणासाठी? आधी अंगण सारवावं लागतं.

तिरकट_धा
नावातच 'हाल' आहेत, काय करणार. (सॉरी, राहवलं नाही.)
मंद्रसप्तक यांना अर्धं +१. वेळ खाल्ला हे पटत नाही, पण दोन खुर्च्यांचा मुद्दा पटतो. आपल्याकडे भातखंड्यांनी परिषदाही भरवल्या आणि...

चटई_ते_चहा
भातखंडे नकोत हो! प्रत्येक धाग्याचा शेवट तिथेच होतो.

फियोर्डकाठ
ऑस्लोत राहते म्हणून आधी किरकोळ शंका: 'दाग्ब्लाडे'. शेवटचा ट इथे कुणी उच्चारत नाही.

आता मुख्य. दोन खुर्च्या फक्त हालबाईंच्या होत्या असा ग्रह होतोय, तो काढून टाका. राष्ट्रीय शैलीच्या गटातले मोठे नाव डेव्हिड मोनराड योहान्सेन. तोही संगीतकार, आणि 'आफ्टनपोस्टन' या दुसऱ्या दैनिकात समीक्षकही! देश लहान, लिहू शकणारे मोजके. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झालेला देश. अस्सल नॉर्वेजियन सूर म्हणजे लोकगीतं आणि जुन्या गाथा, असं मानणारा प्रवाह जोरात होता. त्यासमोर ही बाई पॅरिस-बर्लिनची हवा घेऊन उभी राहिली. तिची लेखणी मऊ नव्हतीच. मग जर्मनांचा ताबा आला. युद्ध संपल्यावर योहान्सेनला देशद्रोहासाठी शिक्षा झाली. म्हणजे 'आपलं' संगीत विरुद्ध 'परकं' संगीत हा वाद तेव्हा नुसता चवीचा राहिला नव्हता. अशा वेळी तिने समीक्षकाची खुर्ची सोडून तटस्थपणे घरी बसून स्वरलेखन करायला हवं होतं का?

मंद्रसप्तक
योहान्सेनने केलं म्हणून हिनेही करावं, हे काही समर्थन नाही. त्याचं राजकारण वाईट होतं, त्यामुळे हिची भूमिका आपोआप स्वच्छ होत नाही. 'न्यी मुसिक'ने संगीत सादर करायचं आणि 'दाग्ब्लाडे'त (घ्या, ट काढला) तिनेच मत द्यायचं. तिच्या गोटात नसलेल्या तरुण रचनाकाराने जायचं कुठे?

फियोर्डकाठ
'आफ्टनपोस्टन'मध्ये. गंमत नाही, खरंच सांगते. शहरात एकच पत्र असतं तर तुमचा मुद्दा जड झाला असता.
आणि १९५३ विसरू नका. आंतरराष्ट्रीय समकालीन संगीत संस्थेचा महोत्सव दरवर्षी नव्या शहरात भरतो. त्या वर्षी हालबाईंनी तो ऑस्लोत आणला. तेव्हा त्यात यजमानाची मर्जी चालत नसे: संस्थेचे देशोदेशीचे विभाग रचना पाठवत आणि निवड आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ करत असे. स्वतःची मंडळी मिरवायची असती तर हा मार्ग तिने कशाला धरला असता?

तिरकट_धा
हा मुद्दा भारी आहे. मी खुर्च्यांवरून उठतो.
पण 'अंगण सारवलं' हेही मला अपुरं वाटतं. त्यात नकळत असा सूर येतो की बाईने झाडलोट करायची आणि नॉर्डहाइमने येऊन गायचं. त्याला पुढे १९८२ मध्ये राजवाड्याच्या आवारातलं 'ग्रोटेन' हे सन्मानाचं निवासस्थान मिळालं. शिवाय साठच्या दशकात तोही 'दाग्ब्लाडे'त समीक्षा लिहीत होता! त्याच्यावर अंपायरचा धागा कुणी काढला नाही, नाही का मंद्रसप्तक?

मंद्रसप्तक
झोंबलं. मान्य.
तरी पहिला प्रश्न शिल्लक आहे. व्हर्लेनएवढी रंगीत मोठी रचना पुन्हा कुठे?

चटई_ते_चहा
'मोठी' म्हणजेच चांगली का? १९४५ चा सूट पाच फुंकवाद्यांसाठी आहे: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न. पाच माणसं, पाच खुर्च्या, तालमीला एक खोली पुरते. संयोजकाच्या डोळ्याने बघा. युद्धातून नुकत्याच उठलेल्या गावात ऐंशी जणांचा ऑर्केस्ट्रा नव्या रचनेसाठी कोण देणार? जे वाजेल ते तिने लिहिलं. कार्यक्रम भरवण्याची अक्कल तिच्या लिहिण्यातही उतरली, असं मी म्हणेन. बर्लिनहून परतल्यावर तर पाच बायकांचा गायनसंच काढून तो काही वर्षं चालवला होता तिने.

मंद्रसप्तक
हे तुमचं अनुमान झालं, चटईशेठ. गरजेला तत्त्व म्हणताय. संस्थेचं ओझं उतरत होतं त्या सुमारास, १९६१ मध्ये, तिने सोप्रानो (स्त्रीचा उंच) आवाज आणि चार फुंकवाद्यांसाठी 'चार वेडगळपणा' अशा अर्थाच्या नावाची रचना लिहिली. वय सत्तरीचं! १९६४ मध्ये बॅले. म्हणजे हात मोकळा होताच झरा वाहू लागला. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे.

फियोर्डकाठ
किंवा सत्तरीतही झरा आटला नव्हता, हा आमच्या बाजूचा.

मंद्रसप्तक
फुंकवाद्यांचा सूट मी एकदाच, तोही चालत्या लोकलमध्ये ऐकलाय. रविवारी नीट ऐकतो. मत बदललं तर इथे दोन ओळी टाकीन, नाही बदललं तर वीस.