घरगुती सोलरसाठी स्वस्त फ्लो बॅटरी जमेल का?

शिवार_सोलर:
मंडळी, शेतातल्या खोलीवर ५०० वॅटचं पॅनल आहे, रात्री पंखा, दोन बल्ब आणि मोबाईल चार्जिंग एवढंच लागतं, पण लेड ॲसिड बॅटरी सारखी बदलायला परवडत नाही. फ्लो बॅटरी, म्हणजे जिच्यात वीज टाक्यांतल्या द्रावणात साठते आणि पंप ते द्रावण सेलमधून फिरवतात, ती व्हॅनेडियम धातूची घ्यायची तर आवाक्याबाहेर आहे, लोखंडाची म्हणे स्वस्तात होते. एक युनिट साठवायला टाकी केवढी लागेल?

केमिकल_काका:
होते, पण वेळखाऊ काम आहे. दोन्ही टाक्यांत फेरस क्लोराइड या लोखंडाच्या क्षाराचं द्रावण, चार्ज करताना एकीकडे फेरस एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक होतं आणि दुसरीकडे इलेक्ट्रोडवर लोखंड चढतं, सेल साधारण १.२ व्होल्टचा. १ मोलर द्रावण (लिटरमागे एक मोल क्षार) धरलं तर एका युनिटासाठी फेरिकच्या बाजूला हिशेबाने ३१ लिटर, दुसरीकडे त्याच्या निम्मं, प्रत्यक्षात दुप्पट धरून चाला. माल स्वस्तच आहे, फेरिक क्लोराइड तर पीसीबी एचिंगवाल्यांकडे (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या कोरणाऱ्यांकडे) असतंच. खरी गोम हायड्रोजनची. लोखंड चढताना थोडा हायड्रोजनही सुटतो, त्यात ॲसिड खर्ची पडतं, पीएच वर गेला, म्हणजे आम्लता कमी झाली, की तांबूस गाळ धरतो आणि तो कार्बन फेल्टमध्ये (इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र कार्बन कापडात) अडकला की सेल बसला. गॅस बाहेर सोडायची नळी हवीच, बंद खोलीत अजिबात करू नका!

वर्कशॉप_ताई:
काकांच्या बोलण्यात भर, पंप बघून घ्या. स्टीलचा शाफ्ट फेरिक क्लोराइड खाऊन टाकतं, मॅग्नेटिक ड्राइव्हचा (चुंबकाने फिरणारा) घ्या, ज्यात द्रावणाचा स्पर्श फक्त प्लास्टिक आणि सिरॅमिकलाच होतो. शिकायचंच असेल तर फ्लो बॅटरी रिसर्च कलेक्टिव्ह या गटाचं झिंक-आयोडाइडचं छोटं किट बघा, सगळी डिझाइन्स खुली आहेत आणि दोन द्रावणं वेगळी ठेवणाऱ्या महागड्या मेम्ब्रेनच्या (पडद्याच्या) जागी त्यांनी चक्क फोटो पेपर वापरलाय. आयोडाइड महाग पडतं, पण गळती, सील, पंप हे सगळं त्यावर हाताखालून जातं.

शिवार_सोलर:
ताई, पंपच किती वीज खातील?

वर्कशॉप_ताई:
५ वॅटचे दोन पंप दहा तास चालले तर १०० वॅट-अवर, म्हणजे तुमच्या एका युनिटातला दहावा हिस्सा तिथेच गेला, आणि चार्जिंगच्या वेळचे वेगळेच. म्हणून दादा, आत्ता खोलीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची तयार बॅटरी घ्या, लोखंडाचा एकच सेल बाजूला बांधा आणि रोजचा पीएच वहीत लिहा. आकडे इथे टाका, आपण मिळून बघू.