मदत हवी आहे : सातवा महिना संपत आलाय, दुकानात राजीनाम्यावर सही मागतायत

नमस्कार. मी लातूरची. गंजगोलाई भागातल्या एका मोठ्या कापड दुकानात साड्यांच्या काउंटरला तीन वर्षांपासून कामाला आहे. पहिलंच बाळंतपण आहे. सोमवारी मॅनेजरनं आत बोलावून टाइप केलेला कागद पुढं ठेवला. "मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे, माझे दुकानाकडे काहीही येणे नाही." तारखेची जागा मोकळी. सोबत पाच हजारांचं पाकीट. म्हणाले, "ताई, मालकांनी बाळासाठी दिलेत. सही करा, मोकळ्या होऊन या, मग बघू." घरी विचारून सांगते म्हटलं, पाकीट तिथंच ठेवलं, कागद तेवढा घडी करून पर्समध्ये टाकला आणि परत काउंटरला येऊन उभी राहिले.

बस्त्याची गिऱ्हाइकं आली की दोन-अडीच तास सहज जातात. पन्नास साड्या उलगडायच्या, खांद्यावर टाकून दाखवायच्या, पुन्हा घड्या घालून रॅकला लावायच्या. संध्याकाळी पाय इतके सुजतात की चपलेचा पट्टा बसत नाही. मी एक स्टूल मागितलं होतं. गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसत नाही म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवसांत हा कागद आला.

नेमणूकपत्र नाही. पगार ९,५००, रोख, सात तारखेला रजिस्टरला सही करून. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) काही नाही. दुकानात आम्ही १८ जण, त्यात बायका ७. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं अशीच सही केली. तिचं बाळ आता दहा महिन्यांचं झालं, तिला बोलावणं आलं नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी असते. ते रोज बघते म्हणून सही करायला हात धजत नाही.

मिस्टर दालमिलला हमालीला आहेत, ते म्हणतात तू ठरव. आत्याबाई म्हणतात, मोठ्या माणसाशी वैर नको, मिळतंय ते घे. मॅनेजर सांगतात पगारी रजा फक्त सरकारी आणि पर्मनंट बायकांना असते. हे खरं आहे का? आणि सही केली नाही म्हणून उद्यापासून येऊ नका म्हणाले तर कुणाकडं जायचं? पुढच्या आठवड्यात ओटीभरण आहे, मग माहेरी औशाला जाईन, म्हणून घाई आहे. कृपया माहीत असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, सही अजिबात करू नका. कागदाचा फोटो काढून घरच्या दोघांना पाठवून ठेवा.

मॅनेजर सांगतात ते खरं नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला मातृत्व रजा द्यावीच लागते. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण तुमच्या कामाच्या तरतुदी त्याच आहेत. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं, एवढीच अट. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. ९,५०० नं धरलं तर साधारण ५७ हजार होतात. पाच हजार देऊन ते बुडवायला बघतायत. ईएसआयसीत नोंद असती तर हे पैसे तिकडून मिळाले असते, नाही म्हणून मालकाकडं मागायचे.

पर्मनंटचं म्हणाल तर दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २००० सालीच दिलाय.

स्टूलाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. बाळंतपणाच्या तारखेआधी दहा आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत, बाईनं मागणी केली तर, तिला खूप वेळ उभं राहायचं काम देता येत नाही आणि त्यासाठी पगारही कापता येत नाही. म्हणजे तुमचे हेच दिवस. ही मागणी अर्जात लिहाच. रजेवर असताना काढणं बेकायदेशीर आहे आणि दिवस गेलेले असताना काढलं तरी रजेचे पैसे बुडत नाहीत.

अर्ज साधा लिहा. डॉक्टरांनी दिलेली तारीख, रजा कधीपासून, पैसे कुणाकडं द्यायचे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा. कामाचा पुरावा जमवा : रजिस्टरच्या पानाचा फोटो, दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप, विकणाऱ्याचा नंबर छापलेली बिलं. तरीही ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. वकील लागला तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथंच किमान वेतनाचंही विचारा, ९,५०० मला कमी वाटतात.

धागा सुरू करणारीचा प्रतिसाद

दादा, खूप आभार. बिलाच्या खाली माझा नंबर येतो हे लक्षातच नव्हतं. मावशीकडं तिच्या मुलीच्या बस्त्याची तीन बिलं निघाली, तिन्हीवर माझाच नंबर. शनिवारी अर्ज देते. एकच विचारायचंय, दुकान थोरल्या भावाच्या नावावर आहे, कारभार धाकटे बघतात. अर्ज कुणाच्या नावानं लिहू?

प्रतिसाद

दुकानाच्या नावानं लिहा, "मालक यांस" म्हणून. बिलावर जे नाव छापलंय तेच, जसंच्या तसं.