मदत हवी आहे : नवा महाकाय राक्षसाचा पिक्चर पोराला दाखवू का?

नमस्कार मंडळी. रविवारी नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन जायचा विचार आहे. पहिल्या दिवशी पाहून आलेल्यांचं ऐकून डोकं फिरलंय. एक म्हणतो, "पैसा वसूल", दुसरा म्हणतो, "इंटरव्हलपर्यंत नुसतं रडगाणं, राक्षस कुठंय?"

मला स्वतःला थांबायला हरकत नाही. २०१४ च्या हॉलिवूडच्या 'गॉडझिला'तही तो जेमतेम काही मिनिटंच दिसला होता, तरी मला आवडला. आणि २०२३ चा जपानी 'गॉडझिला मायनस वन' तर युद्धानंतरच्या माणसांचीच गोष्ट होती. व्हिज्युअल इफेक्टचं ऑस्कर त्यालाच मिळालं. पण भाच्याला हे कोण सांगणार? त्याला इमारती पडलेल्या पाहिजेत ना भाऊ!

भीतीचं म्हणाल तर पोरगं आपल्या नागपूरच्या मारबतीच्या, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत पुढे घुसतं, मोठ्या आकाराला घाबरत नाही. कर्कश आवाज मात्र सहन होत नाही त्याला. सर्टिफिकेट यूए १३+ आहे, म्हणजे पालकांनी ठरवायचं. ताईनं माझ्यावर ढकललंय.

तर पाहून आलेल्यांनी सांगा: राक्षस साधारण कधी येतो? रक्तबिक किती? हिंदी डबिंग बरं आहे का? सीताबर्डी किंवा मेडिकल चौकाच्या बाजूला थ्रीडी नसलेला दुपारचा शो कुठे आहे? चष्मा तो दहा मिनिटांत काढून फेकतो.

शेवट सांगू नका बरं, मलाही पाहायचाय.